कॉम्प्रेसरचा काटा चढत नाही तेव्हा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या चित्रशाळांमध्ये, म्हणजे गणेशमूर्ती घडवण्याच्या घरगुती कार्यशाळांमध्ये, चिकणमाती भिजत पडते आणि तिथून चतुर्थीपर्यंत आम्हा मूर्तिकारांच्या घरांत दिवसरात्रीचा हिशेब राहत नाही. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरच्या पडवीत तीन पिढ्यांपासून चित्रशाळा भरते. आजोबांच्या काळी सगळे रंगकाम कुंचल्याने होई. आता मूर्तीचा पहिला पांढरा हात, अंगकांती आणि पीतांबराचा सपाट रंग आम्ही स्प्रेने मारतो आणि डोळ्यांची आखणी, दागिने व सोंडेवरची नक्षी तेवढी कुंचल्यासाठी राखून ठेवतो. त्यासाठी एक अश्वशक्तीचा, ५० लिटर टाकीचा, बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर घरात आहे. गेल्या वर्षी श्रावणात, दीडशेहून अधिक मूर्ती पांढऱ्या हातासाठी रांगेत उभ्या असताना, हा कॉम्प्रेसर हवा भरेनासा झाला. मोटर चालत होती, बेल्ट फिरत होता, आवाजही ओळखीचाच होता. पण टाकीतला दाब दाखवणारा काटा तीन किलोपर्यंत जाई आणि वीस मिनिटे वाट पाहिली तरी तिथून पुढे सरकत नसे.

शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात फोनवर विचारले, तेव्हा यंत्र न पाहताच सांगण्यात आले की पंप गेला आहे, पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत, आता पंपाचे पूर्ण डोके बदला किंवा नवीन यंत्रच घ्या. आम्ही नवीन यंत्राच्या पैशांची जमवाजमव करू लागलो होतो. शेवटी दोष निघाला तो नखाएवढ्या रुंदीच्या एका पातळ पोलादी पट्टीत, आणि ती पट्टी गॅस्केटसह बदलायला लागलेला खर्च दोन मजुरांच्या एका दिवसाच्या रोजापेक्षा कमी होता. हे पत्र मी त्या दुकानदाराबद्दल तक्रार म्हणून लिहीत नाही. चतुर्थीच्या आधी ज्यांच्या घरी हे यंत्र असेच अडून बसेल, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे आणि ते पाहायला मदत कोणी करावी, एवढ्यासाठी लिहीत आहे.

आमच्या वाड्यावर आयटीआयमधून निवृत्त झालेले फिटर ट्रेडचे एक शिक्षक राहतात. त्यांना मी बोलावून आणले तेव्हा त्यांनी पाना मागितला नाही, घड्याळ मागितले. नवीन असताना टाकी रिकामी ते भरलेली व्हायला किती वेळ लागत होता, हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मग त्यांनी ते माझ्याकडूनच काढून घेतले. बाजारात आपण ज्याला आठ किलो म्हणतो तो दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोग्रॅम, साधारण ११४ पीएसआय. ५० लिटरची टाकी त्या दाबापर्यंत भरायची म्हणजे बाहेरची जवळजवळ ४०० लिटर हवा तिच्यात कोंबायची. पंप मिनिटाला खरोखर ७५ लिटर हवा देत असेल, तर त्याला पाच ते साडेपाच मिनिटे लागतील. दहा मिनिटे लागली तर यंत्र दमले आहे, आणि काटा मध्येच कायमचा थांबला तर पंप जेवढी हवा देतो आहे तेवढीच कुठूनतरी निघून जाते आहे. ही निघून जाण्याची जागा टाकीच्या बाहेर आहे की पंपाच्या आत, एवढेच आधी ठरवायचे असते, असे सर म्हणाले. मला वाटते, या सगळ्या विषयाची किल्ली याच वाक्यात आहे, कारण आपण बहुतेक जण हे ठरवण्याआधीच यंत्र खोलायला घेतो.

ते ठरवायला काहीही खोलावे लागत नाही. स्प्रेचा पाइप काढून टाकावा, बाहेर जाणारा कॉक बंद करावा, काटा जिथे थांबतो तिथपर्यंत यंत्र चालवावे आणि मग बंद करून काट्याकडे पाहत राहावे. काटा जागचा हलला नाही तर टाकी, तिचे सांधे आणि कॉक निर्दोष आहेत आणि दोष पंपात किंवा त्याच्या चालनात शोधायचा. काटा सरसर खाली येऊ लागला तर पंपाला हात लावायचे कारण नाही, हवा टाकीकडून गळते आहे. आमच्याकडे दहा मिनिटे झाली तरी काटा तीन किलोवर स्थिर होता, म्हणजे टाकी सुटली आणि पंप सापडला.

ज्यांच्याकडे काटा खाली येतो, त्यांनी साबणाच्या पाण्याचा दाट फेस करून तो कुंचल्याने प्रत्येक सांध्यावर लावावा: दाबमापक जिथे बसवला आहे तिथे, रेग्युलेटरवर, पाइपाच्या जोडणीवर, सेफ्टी वॉल्व्हच्या बुडाशी आणि टाकीच्या पोटाखालच्या ड्रेन कॉकवर. या शेवटच्या कॉकला आमच्याकडे सगळ्यांत कमी मान मिळतो आणि गळती सगळ्यांत जास्त तिथेच असते, कारण टाकीतला गंज पाण्याबरोबर खाली उतरतो आणि त्याचा एखादा कण कॉकच्या तोंडात अडकला की कितीही आवळले तरी तो नीट बसत नाही. यंत्र चालवून अर्धा किलो दाब आल्यावर तो पूर्ण उघडून दोन-तीन वेळा जोरात हवा सोडली की बहुधा कण निघून जातो. नाही गेला तर नवीन कॉक टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवणे हे घरच्या घरी होणारे काम आहे.

गळतीचा एक प्रकार मात्र फेसाने चटकन सापडत नाही आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पंपातून टाकीत हवा जाते त्या वाटेवर टाकीच्या तोंडाशी एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह असतो, जो हवा आत जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. यंत्र पूर्ण दाबाला बंद होते तेव्हा, दाबानुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचच्या बाजूने फुस्स असा आवाज एक-दोन सेकंद येतो. तो आवाज चांगलाच आहे, कारण पंप आणि टाकी यांमधल्या नळीतली अडकलेली हवा सोडून देऊन पुढच्या वेळी मोटरला मोकळे सुरू होता यावे, अशी ती सोय असते. पण तीच फुसफुस यंत्र बंद झाल्यावरही थांबत नसेल आणि तिच्यासोबत काटा उतरत असेल, तर नॉन-रिटर्न वॉल्व्ह मागे हवा सोडतो आहे. त्याच्या आतली रबरी चकती कडक झाली किंवा तिच्यावर कचरा बसला की असे होते. याउलट यंत्र चालू असताना प्रेशर स्विचमधून सतत हवा बाहेर पडत असेल, तर नळीतली हवा सोडणाऱ्या याच सोयीची, म्हणजे अनलोडरची, बारीक खीळ उघडीच अडकली आहे आणि पंप तयार करतो त्यातली बरीच हवा तिथूनच वाया जाते आहे. दोन्ही ठिकाणी लोक प्रेशर स्विच बदलून टाकतात. पहिल्या प्रसंगी स्विच अगदी निर्दोष असतो आणि बदलून काडीचा फरक पडत नाही.

आमच्या यंत्राकडे वळतो. सरांनी हवेच्या फिल्टरचे टोपण काढले. आत चिकणमातीची आणि खडूची भुकटी इतकी बसली होती की स्पंज दगडासारखा झाला होता, आणि मला वाटले, झाले, दोष सापडला. चित्रशाळेत हा दोष खरोखरच असू शकतो, कारण कोरडी मूर्ती घासताना उडणारी धूळ यंत्र दिवसभर ओढत असते आणि पंपाला श्वासच मिळाला नाही तर तो टाकीत काय भरणार? पण फिल्टर बाजूला ठेवून क्षणभर यंत्र चालवले तरी काट्यात फरक पडला नाही. मग त्यांनी माझा तळवा हवा आत ओढणाऱ्या तोंडासमोर धरायला लावला. निरोगी पंप तिथे फक्त ओढतो. माझ्या हाताला मात्र ओढ आणि फुंकर अशी दोन्ही आळीपाळीने जाणवत होती, जणू पंप उचकी देत होता. त्या फुंकरीचा अर्थ असा की पिस्टन वर येताना हवा टाकीकडे जाण्याऐवजी आली त्याच वाटेने परत जाते आहे, म्हणजे आत घेणारी रीड बसत नाही.

रीड म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, मिलिमीटरच्या काही अंशाएवढ्या जाडीची पट्टी. पिस्टन खाली गेला की ती उघडते आणि वर आला की भोकावर चपखल बसते; बाहेर सोडणारी दुसरी रीड याच्या उलट वागते. बेल्टचा पंप मिनिटाला साधारण ९०० फेरे घेत असेल तर प्रत्येक पट्टी मिनिटाला ९०० वेळा उघडते आणि मिटते. थेट मोटरवर बसवलेल्या छोट्या यंत्रांत हा आकडा २८०० च्या घरात जातो. एवढे काम करणाऱ्या पट्टीवर गंजाचा एक ठिपका पडला तरी तिथून तडा जायला वेळ लागत नाही. आमच्या पट्टीचा एक कोपरा तुटून गेला होता आणि उरलेल्या भागावर गंजाचे डाग स्पष्ट दिसत होते. चतुर्थी झाली की यंत्र आम्ही पडवीच्या कोपऱ्यात ढकलून देतो आणि पुढच्या पावसाळ्यातच त्याला हात लावतो. मधल्या काळात पंपाच्या डोक्यात राहिलेला ओलावा आपले काम करत राहतो. म्हणजे पट्टी तुटली श्रावणात, पण ती तुटण्याची तयारी आमच्या हलगर्जीपणाने आठ-नऊ महिने आधीपासून चालली होती, हे मला कबूल करावेच लागते.

डोके खोलण्यापूर्वी सरांनी वायर भिंतीतून उपटून बाजूला ठेवायला सांगितली, टाकी शून्यावर आणली आणि पंप थंड होईपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही. या तिन्ही गोष्टींना पर्याय नाही, कारण प्रेशर स्विचवर चालणारे यंत्र दाब उतरला की आपोआप सुरू होते आणि तेव्हा बोटे बेल्टमध्ये असू शकतात. तुटलेला कोपरा सिलिंडरमध्ये तर पडला नाही ना, हेही त्यांनी शोधले. तो पिस्टनवर पडला असता तर सिलिंडरला ओरखडे पडून काम खरोखरच मोठे झाले असते. रीड जिच्यावर बसतात त्या वॉल्व्ह प्लेटवरचा काजळीचा थर धारदार वस्तूने न खरवडता घासलेटात भिजवून पुसला, कारण रीड जिथे बसते त्या जागेवर एक चरा पडला तरी नवीन रीडही गळते. गॅस्केट जुने दिसायला बरे होते, तरी बदलले. हे गॅस्केट आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या दोन कप्प्यांच्या मधोमध फाटले तर बाहेर आवाज येत नाही, फेस फुगत नाही आणि लक्षणे मात्र तुटलेल्या रीडसारखीच दिसतात, म्हणून डोके एकदा उघडले की जुने गॅस्केट परत घालणे ही खोटी काटकसर आहे. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. यंत्र चालू केले आणि साडेपाच मिनिटांत काटा आठ किलोवर जाऊन कट-आउट पडला, म्हणजे यंत्र आपोआप थांबले.

रिंगा संपल्या असत्या तर काय दिसले असते, तेही मी विचारून घेतले, कारण दुकानदाराचा तोच कयास होता. रिंगांमधून हवा खाली उतरत असेल तर तेल भरण्याच्या टोपणातून किंवा ब्रीदरमधून फुंकरा येतात, तेल लवकर संपते आणि ते हवेबरोबर टाकीत जाते. रंगकाम करणाऱ्याला हे दाबमापकाआधी मूर्तीवर दिसते, कारण तेलाचा सूक्ष्म थेंब पडला की रंग तिथून मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखा गोल डाग उरतो. आमच्याकडे यातले एकही लक्षण नव्हते. तेलाशिवाय चालणाऱ्या छोट्या यंत्रांत रिंगांऐवजी टेफ्लॉनची कड असते आणि ती झिजली की बदलावीच लागते. त्या यंत्रांत हवा चढत नाही म्हणून कोणी वरून तेल सोडू नये, त्याने कड सुधारत नाही आणि रंग मात्र नक्की बिघडतो.

आता गोव्याच्या हवेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका कोरड्या प्रदेशांसाठी लिहिल्यासारखी वाटते. श्रावणात आमच्याकडे तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असणे ही रोजची गोष्ट आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. आठ किलोला भरलेल्या आमच्या टाकीत आधीची ५० लिटर धरून बाहेरची जवळजवळ ४५० लिटर हवा असते, म्हणजे तिच्यासोबत दहा ग्रॅमच्या आसपास पाणी आत गेलेले असते. दाबली गेलेली हवा थंड झाल्यावर ५० लिटर जागेत वाफ म्हणून जेमतेम दीड ग्रॅम पाणी राहू शकते, आणि उरलेले, जवळजवळ दोन चहाचे चमचे, टाकीच्या तळाशी उतरते. दिवसभरात पंधरा टाक्या हवा वापरली तर वाटीभर पाणी साचते. हे पाणी रोज काढले नाही तर टाकी आतून गंजते, गंजाचे कण ड्रेन कॉकमध्ये अडकतात, आणि स्प्रेमधून एखादा थेंब उडाला की मूर्तीच्या गालावर डाग पडतो. टाकीत पाणी साचल्यामुळे काटा चढत नाही असे मात्र अनेक जण समजतात, ते बरोबर नाही. पाण्याने हवेची जागा कमी होते, त्यामुळे काटा उलट लवकर चढतो आणि लवकर उतरतो. यंत्र वारंवार चालू-बंद होऊ लागले तर आधी तळाचे पाणी काढून पाहावे.

पावसाळ्यातली दुसरी अडचण विजेची. वादळी पावसात आमच्या वाड्यावर विजेचा दाब कमी होतो आणि संध्याकाळी दिवे मिणमिणतात. २३० व्होल्टवर चालणाऱ्या मोटरला १८० व्होल्ट मिळाले तर तिचे बळ केवळ पाचव्या हिश्शाने कमी होत नाही. ते व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि ६१ टक्क्यांवर येते. अशा वेळी रिकाम्या टाकीवर यंत्र व्यवस्थित चालते, पाच किलोच्या पुढे मात्र मोटर गुरगुरते, मंदावते आणि ओव्हरलोड पडून थांबते. त्यात भर म्हणून आपण पडवीपर्यंत वीस मीटरची बारीक वायर ओढतो. सुरू होताना मोटर चालू स्थितीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्या क्षणी सुमारे ३० व्होल्ट वाटेतच खर्च होतात. हवेचा पाइप लांब ठेवावा आणि विजेची वायर आखूड व जाड ठेवावी, हे सरांनी सांगितले आणि आम्ही यंत्राची जागाच बदलली. बेल्ट सैल असेल तरही दाब वाढताना तो घसरतो, करपल्याचा वास येतो आणि पुलीजवळ काळी भुकटी दिसते. बोटाने दाबून तो एक-दीड सेंटिमीटरच्या आसपास दबतो एवढा ताण असावा.

कधीकधी यंत्रात दोष नसतोच. चढलेला दाब काम करताना टिकत नाही ही वेगळी तक्रार आहे. काही स्प्रे गनना मिनिटाला २०० लिटरहून अधिक हवा लागते आणि एक अश्वशक्तीचा पंप ती कधीच देऊ शकत नाही. याचे एक कारण विक्रीच्या वेळी दाखवला जाणारा आकडा आहे. पाटीवर चार सीएफएम लिहिलेले असते, म्हणजे मिनिटाला ११३ लिटर, पण तो पिस्टनने फिरताना व्यापलेल्या जागेचा हिशेब असतो. प्रत्यक्ष टाकीत पोहोचणारी हवा त्याच्या दोन तृतीयांश असू शकते. ग्राहकाला हा दुसरा आकडा सांगितला जावा, अशी माझी विक्रेत्यांना विनंती आहे, कारण त्याच्यावरच गनची निवड ठरते आणि पुढे यंत्र बिघडले की नाही हे घड्याळ लावून ताडता येते.

सगळ्यांत गंभीर गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. काटा तीन किलोवर थांबला की काटाच खोटे बोलत असण्याची शक्यता असते. दाबमापकाची आतली नळी गंजाने बुजली तर टाकीत आठ किलो असूनही तो तीन दाखवतो. अशा वेळी दाब आणखी वाढला की सेफ्टी वॉल्व्ह उडू लागतो, लोक त्यालाच गळका समजतात आणि त्याची स्प्रिंग आवळतात किंवा त्याच्या जागी साधा प्लग बसवतात. एका घरी मी स्वतः असा प्लग पाहिला आहे. आमच्या टाकीची बाजूची चकती ३० सेंटिमीटर व्यासाची आहे, म्हणजे तिचे क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंटिमीटर, आणि आठ किलो दाबाला तिच्यावर साडेपाच टनांहून अधिक जोर असतो. ती पडवीत ठेवलेली असते, जिथे मुले माती खेळतात आणि आजी दुर्वा निवडायला बसते. म्हणून पंपाविषयी काहीही ठरवण्याआधी दुसरा चांगला दाबमापक लावून पाहावा. सेफ्टी वॉल्व्हला आवळणे, बुजवणे किंवा वेगळ्या दाबाचा बसवणे यांपैकी काहीही कोणी करू नये. टाकीला गंजाने भोक पडले तर वेल्डिंगचा ठिगळही लावू नये. एक भोक दिसते तेव्हा आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो. टाकीची ताकद तपासायची तर ती हवेने नाही, पाण्याने भरून दाब देऊन तपासतात, कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही आणि पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही. हे काम जाणकाराने करायचे आहे.

इथेच माझे सार्वजनिक म्हणणे सुरू होते. कारखान्यातल्या दाबयंत्रांसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात ३१ वे कलम होते आणि सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये म्हणून उपाय करण्याची जबाबदारी त्यात घातलेली होती. घरच्या पडवीतली चित्रशाळा कारखाना नाही, म्हणून तशीच टाकी, तोच दाब आणि शिवाय घरातली माणसे असूनही तिच्याकडे पाहायला कोणी येत नाही. आमच्यावर परवान्यांचे ओझे टाकावे असे मी सुचवत नाही. त्याने घरच्या चित्रशाळा बंद पडतील. पण कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाने स्वेच्छेने टाकी तपासून घेण्याची सोय केली, तर ती घेऊन जाणारे मूर्तिकार पुष्कळ निघतील. गोव्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आहे आणि चिकणमातीची मूर्ती टिकावी म्हणून हस्तकला, ग्रामीण व लघुउद्योग विकास महामंडळ मूर्तिकारांना अनुदान देते, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. त्या अनुदानासाठी आमची नोंद होतेच, तेव्हा त्याच यादीवरून कोणाच्या घरी कॉम्प्रेसर आहे हे कळणे अवघड नाही.

दुसरी विनंती आयटीआय संस्थांना आहे. फर्मागुडी, म्हापसा, मडगाव, डिचोली, काकोडा, होंडा येथे त्या आहेत, म्हणजे बहुतेक तालुक्यांतल्या चित्रशाळांना त्यातली एखादी जवळ पडते. जूनमध्ये एक-दोन दिवस मूर्तिकारांनी आपापली यंत्रे तिथे न्यावीत आणि प्रशिक्षणार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली घड्याळ लावून, फेस लावून, दाबमापक ताडून ती तपासावीत, असे झाले तर मुलांना खऱ्या बिघाडांवर हात बसवता येईल आणि आमची श्रावणातली धावपळ वाचेल. आमच्याकडे जे एका निवृत्त शिक्षकाच्या शेजारामुळे घडले, ते शेजारच्या भाग्यावर सोडून देण्यासारखे नाही. तिसरी विनंती यंत्रे विकणाऱ्यांना: रीड, गॅस्केट, नॉन-रिटर्न वॉल्व्ह आणि ड्रेन कॉक एवढे चार सुटे भाग यंत्रासोबत गोव्यात ठेवा. आमची रीड परराज्यातून मागवावी लागली आणि ती येईपर्यंतचे सहा दिवस आम्ही पांढरा हात रात्री जागून कुंचल्याने दिला.

यंदा आम्ही चतुर्थीनंतर यंत्र कोपऱ्यात ढकलले नाही. टाकी उघडी करून कोरडी केली आणि महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे यंत्र चालवून पंप गरम होऊ दिला, म्हणजे डोक्यातला ओलावा निघून जातो. यंत्राच्या वरच्या भिंतीवर मी खडूने लिहून ठेवले आहे: रिकामी टाकी, आठ किलो, साडेपाच मिनिटे. दर महिन्याच्या फेरीला घड्याळ लावून त्याखाली नवा आकडा लिहितो आणि गेल्या आठवड्यातला आकडाही साडेपाचच आहे. ज्यांचे यंत्र आज नीट चालते आहे, त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर आपल्या भिंतीवर आपला आकडा लिहून घ्यावा, कारण बिघडल्यानंतर तो मिळवता येत नाही.

आपला विश्वासू,
एक मूर्तिकार,
फोंडा, गोवा